केस, कागद, उच्चार : आफ्रिकी स्थलांतरितांच्या कादंबऱ्या नेमक्या कशा वाचायच्या?

शेवंती_१२ (धागाकर्ती)

आफ्रिकेतून अमेरिका-ब्रिटनला गेलेल्या माणसांवरच्या कादंबऱ्यांबद्दल मराठीत लिहिताना बहुतेक वेळा 'दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेली माणसं' एवढ्यावर भागवलं जातं. वाक्य खोटं नाही, फक्त बिनकामाचं आहे. कात्री कसली, पाती कोणती, कापलं काय जातं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. या कादंबऱ्यांतली माणसं 'मी कोण?' म्हणत खिडकीत फार वेळ उभी राहात नाहीत. त्यांना केस विंचरायचे असतात, फोनवर नाव सांगायचं असतं, कुणाच्या तरी कार्डावर नोकरी धरायची असते. आपलेपण मिळतं किंवा हुकतं ते तिथंच. म्हणून धाग्यात भावना कमी आणि तपशील जास्त येऊ द्या.

सुरुवात 'अमेरिकाना'पासून (चिमामांडा न्गोझी अदिची, २०१३). पहिल्याच प्रकरणात गैरसोय आहे. नायजेरियातून आलेली नायिका इफेमेलू अमेरिकेत प्रिन्स्टन या विद्यापीठाच्या गावात राहते, तिथं तिच्या केसांच्या वेण्या घालून देणारं एकही दुकान नाही, म्हणून ती गाडी पकडून ट्रेंटनला जाते. त्या खुर्चीत ती तासन्‌तास बसून असते आणि कादंबरीचा मोठा भाग त्या बैठकीत ये-जा करत सांगितला जातो. खुर्चीतला पहिला वाद बघा. इफेमेलूला जोडकेस हवेत ४ नंबरच्या रंगाचे. वेणी घालणारी आयशा म्हणते, तो रंग चांगला नाही, १ नंबर घ्या. १ म्हणजे कुळकुळीत काळा, ४ म्हणजे गडद तपकिरी. आयशा सेनेगलची, दुकानातल्या दुसऱ्या बायका मालीच्या, इंग्रजी सगळ्यांचंच मोडकं. गिऱ्हाईक नायजेरियाचं, प्रिन्स्टनहून आलेलं. अमेरिकेच्या खानेसुमारीत सगळ्या एकाच रकान्यात बसतील, पण खुर्चीत बसणारी आणि खुर्चीमागे उभी राहणारी यांच्यात वर्गाची भिंत आहे. इफेमेलू स्वतःही त्या दुकानाकडे जरा नाक मुरडूनच बघते, आणि लेखिका ते लपवत नाही.

दुसरा तपशील रिलॅक्सरचा. मुलाखतीला जायच्या आधी वेण्या सोड, केस सरळ करून घे, असा सल्ला तिला मिळतो. आपल्याकडचा वाचक इथं 'स्ट्रेटनिंग' म्हणून पुढे सरकतो. ती इस्त्री नव्हे. रिलॅक्सर म्हणजे तीव्र अल्कलीचं मलम, जुन्या प्रकारात थेट सोडियम हायड्रॉक्साइड. ते केसातले गंधकाचे बंध तोडतं आणि त्या केसापुरतं ते कायमचं. लावण्याआधी टाळूला व्हॅसलीन चोपडायचं, मलम घड्याळ लावून ठेवायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि उरलेली अल्कली मारायला वेगळा शाम्पू वापरायचा. आदल्या दिवशी टाळू खाजवली असेल किंवा मलम चार-पाच मिनिटं जास्त राहिलं, तर कातडी भाजते. इफेमेलूची टाळू भाजते, खपल्या धरतात, पुढे केस गळायला लागतात आणि शेवटी ती ते बारीक कापते. शिवाय मुळाशी उगवणारा नवा केस कुरळाच येतो, म्हणजे दर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच. नोकरीला शोभेल असं दिसणं हा तिच्यासाठी हप्ता आहे, एकदा भरून सुटत नाही.

तिसरा उच्चार. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी टेबलामागची बाई इफेमेलूशी एकेक शब्द सुटा करून बोलते, जणू हिला ऐकूच येत नाही. मग ती अमेरिकन 'ट' आणि 'र' घोटून शिकते. पुढे एक टेलिमार्केटिंगवाला फोनवर म्हणतो, तुम्ही अगदी अमेरिकन वाटता. ती आभार मानते. फोन ठेवल्यावर तिला लाज वाटते ती आभार मानल्याची, आणि ती तो उच्चार सोडून देते. आख्ख्या कादंबरीतली कळ त्या एका फोनमध्ये आहे असं माझं मत.

बाकीच्यांनी आपापल्या कादंबऱ्यांतले असेच तपशील टाकावेत.

गलबत

केस आणि उच्चार झाले, आता कागद. हा भाग न समजता वाचलं तर निम्मी कथानकं 'नशीब' वाटतात. ती नशीब नाहीत, नियम आहेत.

'अमेरिकाना'तच बघा. अमेरिकेतल्या विद्यार्थी व्हिसावर सहसा कॅम्पसमध्येच काम करता येतं, तेही सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. परवानगीशिवाय बाहेर काम करायचं तर दुसऱ्याचं सोशल सिक्युरिटी कार्ड (नोकरीसाठी लागणाऱ्या सरकारी नंबराचं) लागतं. म्हणून इफेमेलू न्गोझी ओकोन्क्वो या नावानं नोकऱ्या शोधत फिरते आणि मुलाखतीत स्वतःचं उसनं नाव विसरायची पाळी येते. तिकडे लंडनला तिचा प्रियकर ओबिंझे 'व्हिन्सेंट' म्हणून काम करतो. खरा व्हिन्सेंट आपला नॅशनल इन्शुरन्स नंबर वापरू देण्याबद्दल पगारातला हिस्सा घेतो, मग तो वाढवून मागतो. ओबिंझे दुर्लक्ष करतो आणि थोड्याच दिवसांत मालकाच्या कानावर जातं. पुढचा उपाय कागदी लग्नाचा. त्यात लग्नाच्या दिवशीच तो पकडला जातो. नाव इथं प्रतीक वगैरे नंतर. आधी ती भाड्यानं घेतलेली वस्तू आहे, दर ठरलेली.

'बिहोल्ड द ड्रीमर्स' (इम्बोलो म्बुए, २०१६). कॅमेरूनमधल्या लिंबेचा जेंडे जोंगा न्यूयॉर्कमध्ये लेमन ब्रदर्स या बँकेच्या एका अधिकाऱ्याची गाडी चालवतो, २००८ची मंदी आणि बँकेचं दिवाळं तोंडावर आलेलं. तो आश्रयाचा अर्ज करतो. कारण काय देतो? सासरा जिवावर उठलाय. आता अमेरिकन कायद्यात आश्रयाला पाचच आधार आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गट. घरगुती वैर यातल्या पहिल्या चारांत बसत नाही आणि पाचव्यात कोंबायला वकील कसबी लागतो. अर्ज लोंबकळत असतो तोवर कामाचा परवाना मिळतो, म्हणजे वेळकाढूपणा हाच नफा. वकील बुबाकार हे उघड ओळखून आहे. शेवटी जेंडे न्यायाधीशाकडे स्वखुशीनं देश सोडायची परवानगी मागतो. वाचक याला हार समजतो, पण हद्दपारीचा हुकूम निघाला असता तर पुढची अनेक वर्षं दार बंद झालं असतं. स्वखुशीच्या निघण्यात हुकमाचा तो डाग लागत नाही. बायको नेनीला राहायचं आहे, फार्मासिस्ट व्हायचं आहे, मुलगी तिथंच जन्मलेली म्हणजे अमेरिकन नागरिक. एका छताखाली तीन तऱ्हेचे कागद.

'वी नीड न्यू नेम्स' (नोव्हायोलेट बुलावायो, २०१३) मधली डार्लिंग पाहुण्यांच्या व्हिसावर मावशीकडे डेट्रॉइटच्या बाजूला येते आणि मुदत संपून राहते. मग 'घरी जाऊन ये की' याला उत्तर नसतं. १९९६च्या कायद्यानं बेकायदा वास्तव्य १८० दिवसांच्या वर गेलं तर देश सोडल्यावर ३ वर्षं आणि वर्षाच्या वर गेलं तर १० वर्षं परत येता येत नाही. १८ वर्षांखालचे दिवस यात धरत नाहीत, पण म्हणून नवा व्हिसा कोण देणार? घरची ओढ कितीही असो, दार एकाच बाजूनं उघडतं.

सगळ्यात तिखट 'हरारे नॉर्थ' (ब्रायन चिक्वावा, २००९). निवेदक झिम्बाब्वेत मुगाबेच्या बाजूच्या तरुण टोळीतला. लंडनला उतरल्यावर अर्ज मात्र विरोधी पक्षाचा छळलेला कार्यकर्ता म्हणून. ज्यांना मारलं त्यांचीच ओळख अंगावर चढवून आत शिरतो! आणि हे तो इतक्या साळसूदपणे सांगतो की आपण वाचताना हसतो, मग हसल्याचं वाईट वाटतं.

पानगळ

वाखु (वाचनखूण) साठवली. चालू द्या.

टाकबोरू

दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एक खटकलं. पुस्तकं सगळी २००९ ते २०१६ मधली, इंग्रजी, आणि बहुतेक बक्षिसं मिळालेली. त्या काळात ताइये सेलासीचा 'आफ्रोपॉलिटन' शब्द हवेत होता (मूळ निबंध २००५चा) : लंडन-न्यूयॉर्क-अक्रा असं सहज फिरणारी, चार शहरांत घर असलेली तरुण मंडळी. केनियाचे लेखक बिन्यावांगा वायनाईना त्यावर तुटून पडले. अदिचीनंही ते लेबल नाकारलं. तक्रार साधी होती : हा पासपोर्टवाल्यांचा शब्द आहे. उलट्या बाजूनंही तक्रार झाली. नायजेरियन लेखक हेलोन हबिला यांनी बुलावायोच्या कादंबरीवर लिहिताना आक्षेप घेतला की उपासमार, एड्स, दंगल असं सगळं एकामागून एक येतं, पाश्चात्त्य वाचकाला हवी ती आफ्रिका करून दाखवल्यासारखं. म्हणजे सुखी दाखवलं तर आफ्रोपॉलिटन, दुःखी दाखवलं तर दारिद्र्याचा बाजार. लेखकानं करावं काय?

या दोन्हीत न बसणारी दोन पुस्तकं सुचवतो.

दिनाव मेंगेस्तुची 'द ब्यूटिफुल थिंग्ज दॅट हेवन बेअर्स' (२००७, ब्रिटनमध्ये वेगळ्या नावानं निघाली). इथिओपियाचा सेफा स्टेफानोस वॉशिंग्टनच्या लोगन सर्कलमध्ये किराणा दुकान चालवतो, म्हणजे चालत नाही ते. मित्र दोघं : केनियाचा केनेथ आणि काँगोचा जोसेफ. तिघं दुकानात बसून एक खेळ खेळतात. एकानं हुकूमशहाचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी देश आणि साल ओळखायचं. भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा. यादी संपतच नाही, तोच त्यातला काळा विनोद. या तिघांना 'आफ्रिकन' करणारी गोष्ट कुठली, तर ते वॉशिंग्टनमध्ये भेटले. मायदेशी असते तर ते फक्त इथिओपियन, केनियन आणि काँगोली राहिले असते.

दुसरं ओके एन्डिबेचं 'फॉरिन गॉड्स, इंक.' (२०१४). नायक इके अॅम्हर्स्ट कॉलेजचा अर्थशास्त्राचा पदवीधर, उच्चारामुळे नोकरी नाही, म्हणून न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी. शेवटी तो गावच्या न्गेने देवाची मूर्ती चोरून आणून न्यूयॉर्कच्या गॅलरीत विकायला बघतो. ग्रामदेवतेला पळवणं म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

शेवंती_१२

टाकबोरू, मुद्दा मान्य, पण 'अमेरिकाना'ला आफ्रोपॉलिटन म्हणून बाजूला सारू नका. शेवटच्या भागात लागोसला परतलेल्यांचा 'नायजरपॉलिटन क्लब' आहे. तिथं बसून हे लोक इथं धड शाकाहारी जेवण मिळत नाही म्हणून कुरकुरतात. इफेमेलूला हसू येतं आणि मग लक्षात येतं, आपणही त्यातलेच. शीर्षक हीच मुळी नायजेरियातली टिंगल आहे : अमेरिकेहून परतलेल्या, प्रत्येक गोष्टीत 'अमेरिकेत असं नसतं' करणाऱ्याला शेवटचा स्वर ताणून मारलेली हाक. नाव ठेवतात ते गावचे लोक, अमेरिकन नव्हे.

निळीशाई

'घाना मस्ट गो' कुणी घेतलं नाही अजून? घानातून हाकलून दिलेल्यांची गोष्ट आहे ना ती?

गलबत

उलट आहे, निळीशाई. जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाच्या शगारी सरकारनं बिनकागदाच्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांत चालते व्हा सांगितलं. त्यात घानाचे लोक सर्वांत जास्त, दहा लाखांच्या आसपास. घाईनं बोचकी बांधायला जी निळ्या-लाल चौकड्यांची, चेनवाली प्लॅस्टिकची मोठी पिशवी वापरली, तिचंच नाव 'घाना मस्ट गो' पडलं. पिशवी डोळ्यांसमोर आणा : आपल्या एसटी स्टँडवर, दिवाळीत गावी निघालेल्यांच्या हातात असते, अगदी तीच. आणि त्याआधी १९६९ मध्ये घानानं असाच हुकूम काढून नायजेरियन लोकांना घालवलं होतं. परकेपण युरोप-अमेरिकेतच भेटतं असं नाही.

सेलासीच्या कादंबरीत (२०१३) मात्र पिशवी मागेच राहते. क्वेकू साई बोस्टनमधला नामी शल्यचिकित्सक; एका बड्या घरातली रुग्ण दगावल्यावर त्याच्यावर खापर फुटतं, नोकरी जाते. तो घरी सांगत नाही. कित्येक महिने रोज सकाळी तयार होऊन 'कामावर' निघतो. स्थलांतरित बापाला अपयश सांगायला जागाच नसते, ही गोष्ट तिनं फार नेमकी पकडली. वाक्यं मात्र काही ठिकाणी नको तितकी नटवलेली आहेत.

मोसम

इंग्लंडकडे वळा जरा. अब्दुलरझाक गुर्नांना २०२१ साली नोबेल मिळालं तेव्हा दुकानांत पुस्तकं नव्हती, आता सहज मिळतात. 'बाय द सी' (२००१) घ्या. झांझिबारचा म्हातारा सालेह ओमर लंडनच्या गॅटविक विमानतळावर उतरतो. पासपोर्टवर नाव दुसऱ्याचं. तिकीट विकणाऱ्यानं बजावलेलं : इंग्रजी येतं हे दाखवू नकोस. तो 'रेफ्युजी', 'असायलम' एवढे दोनच शब्द उच्चारतो. समोरचा अधिकारी केविन एडेलमन त्याच्या सामानातून एक पेटी काढतो. आत ऊद अल-कमारी, उंची धूप. अधिकारी तो वास घेतो आणि पेटी ठेवून घेतो. त्या अधिकाऱ्याचे आईवडीलही रुमानियातून आलेले. तो म्हाताऱ्याला समजावतो की आमचे लोक युरोपियन होते, आमचा इथं हक्क होता. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्थलांतरित, आणि धूप जिंकणाऱ्याकडे राहतो.

आपल्याला इथं वेगळा रस वाटावा तो त्या पेटीच्या मागच्या व्यापारामुळे. गुर्नांच्या झांझिबारला अरब, इराणी, कच्छी, कोकण किनाऱ्यावरून गेलेले असे सगळे मोसमी वाऱ्यावर आले. 'मोसम' मुळात अरबी, स्वाहिलीत तो 'म्सिमू'. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', लाखाला 'लाकी'. सालेह ओमरकडे दोन संस्कृती नाहीत, आधीच पाच-सहा आहेत. ब्रिटिश फॉर्मवर मात्र रकाना एकच. 'द्वि-सांस्कृतिक' हा शब्द इथं तोकडा पडतो.

मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींवर याच नजरेनं एखादी मराठी कादंबरी यायला हवी. पण तो वेगळा धागा.

निळीशाई

गलबत, दुरुस्तीबद्दल आभार. यातलं एखादं मराठीत आणायचं ठरलं तर सगळ्यात अडचण कुठं येईल? इग्बो, म्हणजे अदिचीच्या मातृभाषेतले, शब्द?

शेवंती_१२

इग्बो शब्द सर्वांत सोपे. 'बिको', 'केडू' अदिचीनंच समजावून न सांगता ठेवलेत, तसेच ठेवायचे. तळटीप दिली की वाचक पर्यटक होतो.

खरी गोम मराठीच्या तू-तुम्हीत आहे. 'बिहोल्ड द ड्रीमर्स'मध्ये जेंडे मालकाला 'मिस्टर एडवर्ड्स, सर' म्हणतो. ते 'तुम्ही' किंवा 'आपण' करून निभावेल. मालक ड्रायव्हरशी बोलताना काय करायचं? इंग्रजीत नुसतं 'यू'. 'तू' केलं की आपल्याकडच्या बंगल्यातला साहेब आणि ड्रायव्हर उभा राहतो, त्यातली जरब, त्यातली घरगुती गुलामीसुद्धा. 'तुम्ही' केलं की अमेरिकन साहेबाची ती पहिल्या नावानं हाक मारण्याची सलगी जाते, आणि जेंडेला भुरळ पडते ती त्याच सलगीची. माझ्या मते सुरुवातीला 'तुम्ही' ठेवावं आणि गाडीतल्या गप्पा वाढल्यावर एका नेमक्या ठिकाणी 'तू'वर यावं. ते ठिकाण मूळ पुस्तकात नाही. अनुवादकानं ते शोधून त्याची जबाबदारी घ्यायची.

तसंच 'आंटी'. मराठी लगेच विचारणार, आत्या की मावशी की काकू? गलबत यांनी वर डार्लिंगच्या फोस्टालिनाला सहज 'मावशी' केलंय. तिथं ती आईची बहीणच आहे, चालून जातं. पण 'अमेरिकाना'तल्या 'आंटी उजू'ची 'उजूआत्या' केली की नायजेरियन इंग्रजी पुसली जाते. 'आंटी'च ठेवा.

टाकबोरू

पिजिनचं, म्हणजे मिसळ-मोडक्या इंग्रजीचं, काय? 'हरारे नॉर्थ'चं इंग्रजी जाणूनबुजून मोडलेलं आहे, व्याकरण सगळं वाकडं. त्याला मालवणी किंवा वऱ्हाडी लावायचा मोह होणार.

शेवंती_१२

अजिबात लावू नका. वऱ्हाडी ऐकली की वाचक थेट अकोल्याला पोचतो, लंडनच्या ब्रिक्स्टनला नाही. मालवणीचं त्याहून वाईट, नाटकांमुळे लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात. शिवाय बोली ही मोडकी भाषा नव्हे, तिचं स्वतःचं चोख व्याकरण आहे. मराठी प्रमाणच ठेवून ती आतून वाकवावी : क्रियापदाचा काळ चुकवायचा, लिंग डगमगतं ठेवायचं, वाक्य मध्येच सोडायचं. पण दर वाक्यात नाही, नाहीतर दहाव्या पानावर पुस्तक मिटलं जाईल.

बुलावायोची 'हाउ दे लेफ्ट' हा पान-दीड पानाचा तुकडा मात्र मराठीत मुळाहून बरा उतरेल असं वाटतं. इंग्रजीत वाक्यांची सुरुवात पुन्हा पुन्हा सारखी येते. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे तेच 'निघाले, निघाले' ओळीच्या टोकाला पडेल आणि ओवीची चाल धरेल.

पानगळ

सुरुवात कुठून करू? एकच सांगा.

गलबत

मेंगेस्तु. पानं कमी, माणसं तीन, दुकान एक. त्यानंतर 'अमेरिकाना', पण ते घेताना केसांची प्रकरणं गाळू नका. याआ जेसीची 'ट्रान्सेंडंट किंगडम' (२०२०) शेवटी ठेवा. अलाबामातल्या हंट्सव्हिलचं घानाई कुटुंब. भावाचा घोटा बास्केटबॉल खेळताना दुखावतो, डॉक्टर ऑक्सिकॉन्टिन (अफूच्या जातीचं वेदनाशामक) लिहून देतो, तिथून हेरॉइन, मग मृत्यू. बहीण स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत उंदरांवर त्याच ओढीचा अभ्यास करते : कळ दाबली की गोड पेय, कधी कधी सोबत विजेचा झटका, तरी काही उंदीर दाबतच राहतात. आफ्रिकी-अमेरिकी असा झगडा त्यात वर दिसत नाही. बापाकडे बघा म्हणजे दिसेल. दुकानात चोरीचा संशय घेतला जातो म्हणून तो दांडगा माणूस अंग चोरून चालायला लागतो आणि एक दिवस घानाला जातो तो परत येत नाही.

निळीशाई

एक राहिलं. 'कॉर्नरोज'ला मराठीत काय म्हणाल? नुसतं 'वेणी' म्हटलं तर तीनपेडी डोळ्यांसमोर येते.

शेवंती_१२

शब्द नाही आपल्याकडे. पहिल्यांदा येईल तिथं 'टाळूला चिकटून ओळीनं घातलेल्या बारीक वेण्या' असं सांगायचं, पुढे सरळ 'कॉर्नरोज'. सुटे जोडकेस लावून दोन पेडांत पिळतात त्याला 'पीळ' चालेल. ट्रेंटनच्या खुर्चीत इफेमेलू मागते ते तेच, मध्यम जाडीचे पीळ, ४ नंबर.